वळण्याआधी उतरणारे मास्तर

जुन्या पनवेलच्या बाजारात भर दुपारी एखादा गृहस्थ चालती स्कूटर रस्त्याच्या मधोमध बंद करतो, खाली उतरतो, ती स्टँडवर लावतो, कमरेवर हात ठेवून चार श्वास घेतो, मग हँडल धरून तिचं तोंड हाताने फिरवतो आणि किक मारून आला त्याच दिशेने परत जातो, असं दृश्य तुम्ही पाहिलं असेल तर ते आमचे मास्तर. मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून आणि त्यांच्या सगळ्या नातेवाइकांची आठवण काढून दमायचे. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे.

"पुढे जाणारी वस्तू एकदम मागे वळवू नये. आधी थांबू द्यावी. पूर्ण थांबू द्यावी. नाहीतर आतलं काहीतरी जळतं."

"आणि आमच्या आतलं जळतंय ते?" असं एका रिक्षावाल्याने विचारलं, तेव्हा मास्तर त्याच्याकडे कौतुकाने बघत म्हणाले, "अगदी बरोबर. तेच सांगतोय मी."

हे तत्त्व त्यांनी मोटरींकडून उचललं होतं आणि सगळ्या संसाराला लावलं होतं. एकदा 'नाही' म्हणाले की त्याच दिवशी त्यांच्या तोंडून 'हो' निघत नसे. सकाळी 'चहा नको' म्हटलं असेल तर संध्याकाळी कितीही तल्लफ येवो, ते पाणी पिऊन बसत. काकू सांगायच्या, "आमच्या लग्नाला यांनी आधी नकार कळवला होता. मग सव्वा महिन्याने होकार. माझ्या बाबांना वाटलं, मुलगा विचारी आहे. विचारी कसला, थंड होत होता!"

मास्तर कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हते. दहावीनंतर त्यांनी थेट हातात पकड घेतली ती खाली ठेवलीच नाही. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. पाटीवर एकच शब्द, 'दुरुस्ती'. कशाची, ते लिहिलेलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायचे, "आणा तर खरं. आणल्यावर बघू."

मी तेव्हा खारघरच्या बाजूला एका इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो आणि विचुंब्याला एका नव्या इमारतीत भाड्याने राहायचो. 'शिकवायचो' हा शब्द मी सवयीने वापरतो. खरं तर मी पडद्यावरच्या स्लाइडी पुढे सरकवायचो. आमची ओळख मिक्सरवरून झाली. मिक्सर काउंटरवर ठेवता ठेवता मी विनाकारण सांगून टाकलं, की मी इलेक्ट्रॉनिक्सचा प्रोफेसर आहे, विषय 'मोटर आणि तिचं नियंत्रण'.

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं, मिक्सरकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"मग हा माझ्याकडे का आणलात?"

समोरच्या पायरीवरून एक खणखणीत हसू आलं. तिथे सुकी मासळी विकणारी मावशी बसायची. पुढ्यात टोपल्या, त्यांत बोंबील, मांदेली आणि जवळा. उरणच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातून ती रोज यायची. मास्तरांच्या दुकानातला सोल्डरिंगच्या राळेचा धूर आणि तिच्या टोपल्यांचा वास गल्लीच्या बरोबर मध्यावर एकमेकांत मिसळे, आणि नवखा माणूस तिथे क्षणभर थबके. मी थबकलो नाही, कारण लाजेने माझं नाक बंद झालं होतं.

"सर हाय व्हय ह्यो?" मावशी म्हणाली. "मंग मिक्सरला शिकव ना काईतरी!"

त्या दिवसापासून मी त्या दुकानात जायला लागलो. विद्यार्थ्यांपुढे जे कळल्यासारखं दाखवायला लागायचं, ते इथे न कळल्याचं कबूल करून बसता यायचं. कबूल मी कधीच केलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मास्तरांचा एक वैरी होता, तो म्हणजे तयार मॉड्यूल. हल्ली ऑनलाइन मागवली की तळहाताएवढी लाल पाटी घरी येते, चार तारा जोडल्या की मोटर पुढेमागे फिरते. मास्तर तिला हात लावत नसत. म्हणायचे, "ही मंगल कार्यालयातली आमटी आहे. कुणी केली, कशात केली, काही माहीत नाही. बिघडली तर ओतून द्यायची." स्वतः मात्र सुटे ट्रान्झिस्टर, सुटे डायोड घेऊन सगळं हाताने जोडत.

आणि एखादा ट्रान्झिस्टर जळाला, की पंचनामा. हा त्या दुकानाचा रिवाजच होता. लांब वही उघडायची, तारीख-वेळ टाकायची, आणि ज्याच्या हातून जळाला त्याने उभं राहून जबानी द्यायची. मयताचं नाव, शेवटचा जिवंत कुणी पाहिला, मरणाचं कारण, संशयित. खाली दोन पंचांच्या सह्या. एक पंच शेजारचा शिंपी आणि दुसरी मावशी. मावशी हातातला जवळा झटकून, पदराला बोटं पुसून मोठ्या अक्षरांत ठसठशीत सही करायची. "कारण लिहिल्याशिवाय नवा ट्रान्झिस्टर मिळणार नाही," हा नियम. मास्तरांना जळल्याचं दुःख नसायचं. कारण न कळल्याचं असायचं.

मी त्या वहीत किती पानं व्यापली, ते पुढे येईलच.

झालं असं, की मावशीच्या गावाकडच्या कच्च्या रस्त्यावरून भरावाचे डंपर सुरू झाले. खाडीला लागूनच तिचं खळं होतं, म्हणजे मासळी वाळत घालायचं शेणाने सारवलेलं अंगण. डंपर गेला की तांबूस धुळीचा ढग थेट जवळ्यावर बसायचा. मावशीचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे खारघरच्या एक खानावळवाल्या बाई. दर आठवड्याला त्यांचा जवळा ठरलेला. त्या एक दिवस गल्लीत आल्या आणि पिशवीच परत ठेवून गेल्या.

"मावशी, चटणीत कचकच लागते. माझ्याकडे जेवायला येणारी मुलं बोलत नाहीत, मोबाईलवर लिहितात. 'दाताखाली खडी आली' आणि खाली एक तारा. असं आणखी चार जणांनी लिहिलं ना, तर मी दुसरीकडून घेईन."

बाई गेल्यावर मावशी बराच वेळ टोपलीतला जवळा नुसता वरखाली करत राहिली. बाईंचा जवळा बंद म्हणजे निम्मं खळं बंद. झाकून ठेवावा तर वाळत नाही, उघडा ठेवावा तर धूळ. मावशी दिवसा बाजारात, खळ्यावर गुडघ्यांनी अडलेली तिची जाऊ. डंपर लांबच्या वळणावर दिसल्यापासून खळ्याजवळ येईपर्यंत तिला उठून उभंसुद्धा राहता येत नसे.

"यंत्र केलं तर जाऊबाई बटण दाबतील का?" मास्तरांनी विचारलं.

"बटन दाबल. शिव्या पन देल."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात आमच्या प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये फर्मान काढलं होतं, की तपासणी समिती येतेय आणि प्रत्येक विभागाने 'समाजोपयोगी इनोव्हेशन' दाखवलंच पाहिजे. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आजवर माझ्या डोक्यात जेव्हा जेव्हा उजेड पडला, तेव्हा तेव्हा नंतर फ्यूज उडालेला आहे.

"त्यात काय!" मी म्हटलं. "खळ्यावर कापडाचं आच्छादन. ट्रकच्या वायपरची जुनी मोटर. हिरवं बटण, कापड पसरलं. लाल बटण, गुंडाळलं. साधा एच-ब्रिज आहे. मी चार वर्षं शिकवतोय."

मास्तर चार श्वास थांबले. मग म्हणाले, "बनवा."

एच-ब्रिज म्हणजे काय, ते मास्तरांच्या शब्दांत सांगतो, कारण माझ्या शब्दांत ते कुणालाच कळलेलं नाही. इंग्रजी एच अक्षर डोळ्यांपुढे आणा. मधल्या आडव्या दांडीवर मोटर. दोन उभ्या दांड्यांवर, वर एक आणि खाली एक, असे मिळून चार ट्रान्झिस्टर, म्हणजे चार चौकीदार. डावीकडचा वरचा आणि उजवीकडचा खालचा जागा झाला, की वीज मोटरमधून एका दिशेने जाते आणि मोटर पुढे फिरते. दुसरे दोघे तिरके जागे झाले, की वीज उलटी जाते आणि मोटर मागे फिरते. पण एकाच बाजूचे वरचा आणि खालचा एकदम जागे झाले, तर वीज मोटरकडे ढुंकूनही बघत नाही. वरून खाली सरळ उडी मारते, आणि दोघे चौकीदार जागच्या जागी खलास. चौकीदाराला झोप लागायलाही क्षणभर लागतोच. म्हणून दिशा बदलताना पहिल्या जोडीला पुरती झोपू द्यायची आणि मगच दुसरीला उठवायची. मास्तर स्कूटरवरून का उतरायचे, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला तीन पंचनामे लागले.

पहिला पंचनामा पहिल्याच दुपारी. मी स्लाइडवरून जोडणी केली, बटण दाबलं, 'फट्' झालं. कारण शोधता शोधता निष्पन्न झालं, की माझ्या स्लाइडवर वरच्या ट्रान्झिस्टरमधला विजेची दिशा दाखवणारा बाण उलटा काढलेला होता. चार बॅच तो बाण वहीत उतरवून माझ्या हाताखालून बाहेर पडल्या होत्या. ती मुलं आज कुठे कुठे काय काय जाळत असतील, या विचाराने मला आजही दचकायला होतं.

"संशयिताचा हुद्दा?" मास्तरांनी विचारलं.

"प्रोफेसर," मी म्हटलं.

"'प्रोफेसर' नाय, नुसता 'सर' लिवा," मावशी सही करता करता म्हणाली. "मोटा हुद्दा लिवला तर मेलेल्याच्या जिवाला लागंल."

दुसऱ्यांदा डायोड उलटे बसवले. मोटर बंद करताना ती जो उलटा झटका देते, त्याला वाट काढून देण्यासाठी डायोड असतात. उलटे बसवले, तर ते स्वतःच बॅटरीला शॉर्ट करतात. मी चारही तितक्याच मन लावून उलटे बसवले होते. निदान एकसारखेपणा होता. तिसऱ्यांदा चारही जाडजूड ट्रान्झिस्टर मी थंड राहावेत म्हणून एकाच अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर घट्ट आवळले. त्या ट्रान्झिस्टरचं धातूचं अंगच विजेला जोडलेलं असतं, आणि पत्र्यामध्ये अभ्रकाचा पातळ तुकडा घालायचा असतो, हे मला माहीत होतं. परीक्षेत मी तो प्रश्नही घालायचो. दोन गुणांना. मास्तर पत्रा न्याहाळत म्हणाले, "सगळ्यांना एका अंथरुणात झोपवलंत, प्रोफेसर."

त्यानंतर मी रोज दुकानात शिरलो की समोरून आरोळी यायची, "काय सर, आज कोन मेला?"

इकडे समितीची तारीख ठरली. प्राचार्यांनी बॅनर छापला. त्यावर माझं नाव, प्राचार्यांचा फोटो आणि मावशीच्या जवळ्याचा म्हणून इंटरनेटवरून घेतलेल्या कुठल्या तरी परदेशी झिंग्याचा फोटो होता. चौथ्या पंचनाम्याला उभं राहायची माझी हिंमत नव्हती. मी ऑनलाइन लाल मॉड्यूल मागवलं.

आता मी जे केलं ते सांगताना आवाज खाली जातो, पण सांगतो. मी ते मॉड्यूल डब्याच्या तळाशी चिकटवलं, वर एक फळी ठेवली आणि त्या फळीवर मास्तरांचे चार जाडजूड ट्रान्झिस्टर, अभ्रक घालून, रांगेत बसवले. त्यांच्या तारा कुठेच जात नव्हत्या. फार सुबक दिसत होतं. घरी मोटर हातात धरून बटणं दाबली. पुढे, मागे, पुढे. हातातली मोटर मोकळी फिरते, खळ्यावर तिला कापड ओढायचंय, एवढाच तपशील माझ्या ध्यानात आला नाही.

आदल्या दिवशी डबा दुकानात नेला. मास्तरांनी बटणं दाबून पाहिली. मग अंगठा पुढे केला आणि चारही ट्रान्झिस्टरवर एकेक करून ठेवला.

"किती वेळ चालवलीत?"

"तासभर तरी. आत्ता बंद करून थेट इथेच आलो."

"हं," मास्तर म्हणाले. मावशी समोरून ओरडून विचारत होती, झालं का, उद्या सगळा जवला घालू का? मास्तर माझ्याकडे बघत राहिले. मी मावशीकडे बघून म्हणालो, "सगळा घाला! प्राचार्य म्हणालेत, फोटोत खळं भरगच्च दिसू द्या."

तीच माझी मोठी चूक. मावशी एरवी थोडा थोडा घालायची, बाकीचा पिंपात झाकलेला. बाईंना द्यायचा सगळा माल तिने माझ्या एका शब्दावर दुसऱ्या दिवशी उघड्यावर पसरला.

समिती आली. दोन गाड्या, एक कॅमेरावाला. प्रमुखांनी खळ्याच्या कडेला उभं राहून नाकाला रुमाल लावला आणि 'ऑथेंटिक' असं म्हणाले. प्राचार्यांनी मावशीच्या हातात एक प्रमाणपत्र दिलं आणि फोटो होईपर्यंत ते सरळ धरायला सांगितलं. मास्तर लांब वडाच्या पाराला टेकून उभे होते.

वळणावर डंपर दिसला. जाऊबाईंनी बटण दाबलं, शिवी पण दिली. कापड पसरायला लागलं. टाळ्या वाजल्या. सकाळच्या दवाने कापड जड झालं होतं. अर्ध्यावर मोटर कण्हली. डब्यातून आधी वास आला, मग एक पांढरी रेघ वर गेली, आणि कापड जिथल्या तिथे थांबलं. अर्धं खळं झाकलेलं, अर्धं उघडं, आणि त्या डंपरच्या मागे आणखी दोन.

मग जो तो धावला. मी एक टोक धरलं, प्राचार्यांनी दुसरं. त्यांचा टाय कापड गुंडाळलेल्या पाइपात अडकला आणि ते कापडाबरोबर वाकत वाकत खळ्यावरून चालत गेले. कॅमेरावाल्याने ते सगळं टिपलं. कापड पुरतं पसरलं तोवर तिन्ही डंपर निघून गेले होते आणि तांबडी धूळ सगळ्यांच्या अंगावर, आणि उघड्या राहिलेल्या जवळ्यावर, सावकाश उतरत होती. धुळीच्या हाताने ओढलेल्या कापडाने उरलेल्या जवळ्याचीही तीच गत केली.

समितीप्रमुख रुमालामागून म्हणाले, "यंत्र थांबलं, पण माणसं थांबली नाहीत. हेच खरं मॉडेल आहे." अहवालात आमच्या विभागाला 'लोकसहभाग: उत्कृष्ट' असा शेरा मिळाला. कॉलेजात माझा सत्कार झाला. ते प्रमाणपत्र माझ्याकडे अजून आहे, आणि कुणी पाहुणे आले तर मी ते दाखवत नाही.

गाड्या गेल्यावर मावशीने खाली वाकून चिमूटभर जवळा तोंडात टाकला. चावला. थुंकला.

"कचकचतंय," ती म्हणाली. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी माझा डबा उघडला. फळी उचलली. खाली काळं पडलेलं लाल मॉड्यूल. वही काढली. मी उभा राहिलो. जबानीत सगळं सांगितलं, पहिल्यापासून. संशयिताच्या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं. मग चार श्वास थांबले, आणि त्याच्या खाली स्वतःचं नाव लिहिलं.

"मास्तर, हे काय?"

"परवा अंगठा लावला तेव्हा चारही गार होते. तासभर काम केलेला ट्रान्झिस्टर गार नसतो. मला कळलं होतं. म्हटलं, तुम्ही स्वतः सांगाल. म्हणून थांबलो." पेनाचं टोपण त्यांच्या हातात उगीच फिरत होतं. "मी थांबलो तेवढ्यात हिचा जवळा गेला."

सहीसाठी वही मावशीपुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

"मयत कोन लिवलाय?"

"मॉड्यूल."

"त्याला जालू दे. माजा जवला मेलाय, तो लिव्ह आदी."

मास्तरांनी मॉड्यूल खोडलं आणि 'जवळा' लिहिलं. तेव्हा तिने सही केली. शिंप्याने सही करताना चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

तो जवळा कोंबड्यांच्या खाद्यात गेला. खानावळवाल्या बाईंना मावशीने काही लपवलं नाही. बाई म्हणाल्या, "पुढच्या खेपेला मी स्वतः खळ्यावर येते. तिथेच चावून बघेन. कचकचला तर मला पुन्हा बोलावू नका."

मग ते आठ दिवस. मास्तर दोन्ही हात पाठीमागे बांधून माझ्या डोक्यावर उभे राहायचे आणि मी जोडायचो. त्यांनी एकदाही पकड हातात घेतली नाही. अभ्रकाचे तुकडे मी कापले, डायोडची दिशा दाखवणारे पट्टे मी तीन तीनदा तपासले, प्रत्येक चौकीदाराला उठवणारा छोटा ट्रान्झिस्टर मी वेगळा बसवला. ओलं कापड पाइपाला गुंडाळून आम्ही ती मोटर दुकानातच ओढायला लावली. कापडाचं पाणी गल्लीत वाहत मावशीच्या टोपल्यांपर्यंत गेलं, तेव्हा तिने चार दिवसांत पहिल्यांदा आम्हाला उद्देशून काहीतरी म्हटलं. ते इथे लिहिता येणार नाही, पण मला फार बरं वाटलं.

अडलं एकाच ठिकाणी. दिशा बदलताना मध्ये किती थांबायचं? मास्तरांनी ती थांबण्याची व्यवस्था स्वतः ठरवली होती. बटण बदललं की मोटर तब्बल चार श्वास गप्प. मावशीने येऊन बघितलं. हिरवं दाबलं, मग लगेच लाल. मोटर गप्प. पुन्हा हिरवं. मोटर गप्पच.

"का रं मास्तर, हिला पन लगीन ठरवायचंय का?"

"मावशी, मध्ये थांबायलाच लागतं. दिशा बदलायची तर—"

"डंपर थांबल का?"

मास्तर स्टुलावर बसले. आयुष्यभराचं तत्त्व एका टोपलीवालीने तीन शब्दांत उभं कापलं होतं. उठले तेव्हा म्हणाले, "प्रोफेसर, चौकीदाराला झोप लागायला खरंच किती वेळ लागतो?"

मी पुस्तकातला आकडा सांगितला. डोळ्याची पापणी लवण्यापेक्षाही कमी.

"एवढाच?"

"एवढाच."

"मग बाकीचं थांबणं..." ते म्हणाले आणि वाक्य सोडून दिलं. कंडेन्सर बदलून थांबण्याची वेळ त्यांनी पापणी लवण्याइतकी केली. यंत्राला हात न लावण्याचा नेम त्यांनी त्या एका कामापुरता मोडला.

खळ्यावर यंत्र बसलं. या वेळी बॅनर नव्हता. तीन दिवस डंपर गेले, कापड आलं, कापड गेलं, जाऊबाईंच्या शिव्या मात्र यंत्रापेक्षाही अखंड चालू राहिल्या. चौथ्या दिवशी खानावळवाल्या बाई रिक्षाने आल्या. खळ्यावर पातळ थरात जवळा वाळला होता, गुलाबी, कुरकुरीत. बाईंनी चपला बाहेर काढल्या. वाकून मधोमधचा, कडेचा, रस्त्याकडच्या टोकाचा, असा तीन ठिकाणांहून चिमूट चिमूट जवळा उचलला आणि सगळा एकदम तोंडात टाकला.

खाडीवर वाराही नव्हता. बाई चावत होत्या. मी आयुष्यात इतक्या परीक्षा घेतल्या आणि दिल्या, पण कुणाच्या दातांकडे असा कधी कान लावला नव्हता. मावशी कमरेवर हात ठेवून बाईंच्या जबड्याकडे बघत होती. बाई थांबल्या. जीभ गालात फिरवली. पुन्हा चावल्या. मग गिळलं, आणि न बोलता खाली वाकून मूठभर उचलला.

"या आठवड्यापासून थोडा जास्त द्याल?"

"नाय," मावशी म्हणाली. "पहिल्याइतकाच. माज्या बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय घोडं मारलंय?"

आणि मग तिने वळून मास्तरांना शोधलं. ते पारापाशी नव्हते. खळ्याच्या पलीकडे, खाडीच्या बांधावर आमच्याकडे पाठ करून बसले होते. मी जवळ गेलो तर काय, डोळे गच्च मिटलेले आणि दोन्ही कानांत बोटं खुपसलेली. खांदे कानापर्यंत वर चढलेले. तो चावण्याचा आवाज ऐकायची त्यांची छाती झाली नव्हती.

मावशी चिखल तुडवत बांधावर गेली. जवळ्याचा हात पदराला पुसला आणि त्यांच्या उजव्या कानातलं बोट धरून ओढून काढलं.

"पास झालास रं, मास्तर."

मास्तरांनी डोळे उघडले. खाडीकडे बघितलं. डाव्या कानातलं बोट मग त्यांनी स्वतःच काढलं.